ओढ आणि ॲव्हरेज

डिझेल गाडीबद्दलच्या दोन तक्रारी बहुधा एकाच वाक्यात केल्या जातात: गाडी पूर्वीसारखी ओढत नाही आणि डिझेल जास्त पिते. ऐकणारा मेकॅनिकही ती एकच तक्रार समजतो. माझ्या मते तपासाची पहिली पायरी म्हणजे या दोन तक्रारी एकमेकींपासून सोडवून पाहणे. ओढ तशीच असून केवळ ॲव्हरेज घसरले असेल, तर इंजिन आपले काम नीट करत असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याने निर्माण केलेली शक्ती पुढे कुठेतरी वाया जात असते. घासणाऱ्या ब्रेकमध्ये, हवा कमी असलेल्या टायरमध्ये, छतावरच्या कॅरिअरमध्ये किंवा सरळ चालवणाऱ्याच्या उजव्या पायात. उलट ॲव्हरेज जवळपास तेच राहून ओढ गेली असेल, तर इंजिनाला पुरेसे डिझेल पोहोचत नाही, किंवा त्याचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, ते मुद्दाम आखडते घेतो आहे, असा तर्क करता येतो. दोन्ही एकदम बिघडले, म्हणजे टाकीतून डिझेल जाते आहे पण चाकापर्यंत त्याचे बळ येत नाही, तेव्हा ते डिझेल अर्धवट जळत असते, भलत्या वेळी जळत असते, किंवा भलत्याच कामासाठी जळत असते. यातली तिसरी शक्यता सर्वात उशिरा सुचते आणि आजच्या गाड्यांत तीच पुष्कळदा खरी निघते.

ही विभागणी काटेकोर नाही, हे मान्य करायला हवे. इंजिन दुबळे झाले की चालवणारा नकळत खालचा गिअर जास्त वेळ ठेवतो, पेडल अधिक दाबतो, आणि मूळ दोष केवळ ओढीचा असला तरी ॲव्हरेजही खाली येते. एक पाय दुखणारा माणूस दुसऱ्या पायावर भार टाकून चालू लागतो आणि काही काळाने कंबर दुखते म्हणून तक्रार करतो, तसाच हा प्रकार. शिवाय ही घसरण इतकी सावकाश होते की रोज चालवणाऱ्याला ती जाणवतच नाही. गाडी बऱ्याच काळाने चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून ‘ही अशी जड का झाली?’ असा प्रश्न आला, तर तो गांभीर्याने घ्यावा. त्या माणसाच्या पायाला अजून सवय झालेली नसते.

डिझेल इंजिनाचा स्वभाव समजल्याखेरीज पुढचे काहीच नीट लागत नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर होत असल्याचे चाचणीत दिसले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही दुपटीहून मोठी मजल होती. या काटकसरीचे मूळ दोन गोष्टींत आहे. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावे, ही पहिली. आणि आत येणाऱ्या हवेला आडकाठी करायची नाही, ही दुसरी. पेट्रोल इंजिनात पेडल दाबले की प्रामुख्याने हवेचा मार्ग उघडतो आणि इंधन त्या हवेच्या प्रमाणात येते. डिझेलमध्ये हवा जेवढी मावेल तेवढी येत असते आणि पेडल इंधन मागते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिन नेहमीच त्याहून जास्त हवेत चालते, आणि नुसते चालू ठेवून उभे असताना तर कित्येक पट जास्त हवेत.

आधुनिक गाडीत हे पेडल म्हणजे निव्वळ विनंती असते. ईसीयू आधी पाहतो की आत हवा किती आली आहे, आणि तेवढ्या हवेत धूर न करता जळेल एवढेच डिझेल सोडतो. म्हणून डिझेल गाडीच्या आळसाचे मूळ शोधताना माझा पहिला संशय हवेवर जातो आणि नंतर इंधनावर. गॅरेजमध्ये मात्र अनेकदा उलटे घडते. ‘डिझेल जास्त पिते’ हे ऐकताच इंजेक्टर काढायची भाषा सुरू होते, कारण डिझेल तिथून आत जाते.

पण हवेकडे वळण्याआधीही दोन कामे उरतात. पहिले काम आकडा खरा आहे का हे पाहण्याचे. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा मोजलेला नसतो. इंजेक्टर किती वेळ उघडले आणि त्या वेळी दाब किती होता यावरून ईसीयूने तो हिशेबाने काढलेला असतो. इंजेक्टर झिजून ठरल्यापेक्षा जास्त डिझेल सोडू लागले, तर हा हिशेब त्या जादा डिझेलची नोंदच घेत नाही. भरवसा ठेवावा तो टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा शक्यतो त्याच पंपावर काठोकाठ भरण्याच्या जुन्या पद्धतीवर, आणि तोही एका टाकीवर नव्हे तर ओळीने अनेक टाक्यांच्या सरासरीवर. डॅशबोर्डचा आकडा आणि टाकीचा आकडा यांत नेहमी असणारी तफावत अचानक वाढली, तर ती तफावतच एक लक्षण असते. टायरचा आकार बदलला असेल तर किलोमीटरचा आकडाही खोटा होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरे काम चाकांचे. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ती सहज सरकते का, थोडा वेळ ब्रेक फारसा न वापरता चालवून थांबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले आहे का, जॅकवर उचललेले चाक हाताने मोकळे फिरते का, हे पाहायला कसलेही यंत्र लागत नाही. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या की ब्रेक पुरता सुटत नाही, आणि गाडी सतत थोडा ब्रेक लावून चालवल्यासारखी चालते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, आणि ते वरच्या गिअरमध्ये चढावर लगेच कळते. वेगाचा हिशेब तर सर्वात निर्दय आहे: वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. ज्याचा रोजचा रस्ता बदलून संथ रस्त्याऐवजी द्रुतगती मार्ग झाला, त्याच्या गाडीत काहीही बिघडलेले नसताना ॲव्हरेज बदलते.

आता हवा. एअर फिल्टर सगळेच पाहतात, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. पाहायचे असतात ते त्यानंतरचे रबरी होज. टर्बोचार्जरची कल्पना आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट केली. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचे आणि त्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची, एवढीच ती आहे. आजच्या लहान गाडीतला टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याने दाबलेली हवा, तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून, इंजिनाकडे जाते. या वाटेवरचा एखादा होज खालच्या बाजूने चिरला किंवा क्लॅम्प सैल झाला, की मोजणी झालेली हवा इंजिनात पोहोचण्याआधीच बाहेर निसटते. ईसीयूची समजूत हवा आत गेली अशी असते, तो त्या मानाने डिझेल सोडतो, आणि अपुऱ्या हवेत ते डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. जुन्या गाडीत मागून काळा धूर दिसे आणि निदान तिथेच होई. आताच्या गाडीत सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो, त्यामुळे धूर दिसतच नाही; तो फिल्टरमध्ये साचत जातो. स्वच्छ सायलेन्सर पाहून ‘ज्वलन उत्तम आहे’ असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट विचारात घेतलेली नसते. तेलाने ओलसर झालेला होजचा सांधा आणि जोर लावताना येणारी नवी शिट्टी, ही दोन चिन्हे धुराची जागा भरून काढतात.

हवा मोजणारा मॅफ सेन्सर हा या गोष्टीतला लबाड साक्षीदार. तो मळला की पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून डिझेल आखडते घेतो. धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही, ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड नाही, फक्त गाडी मंद. ईसीयूमधले कोड आणि आकडे वाचणारा स्कॅनर हातात असेल तर एक साधी परीक्षा इंजिन सुरू करण्याआधीच करता येते आणि ती मला फार आवडते. चावी फिरवायची, इंजिन बंदच ठेवायचे आणि बाहेरच्या हवेचा दाब व इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेतला, दाब हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. हवा हलत नसताना दोन्ही जवळपास सारखेच असले पाहिजेत. त्याच वेळी डीपीएफच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक शून्य दिसला पाहिजे. या निवांत अवस्थेत जो सेन्सर वेगळेच सांगतो, त्याचे धावत्या गाडीतले बोलणे ग्राह्य धरायचे नाही. मॅफ मात्र असा पकडता येत नाही. त्यासाठी पूर्ण जोर लावून मागितलेली हवा आणि मिळालेली हवा यांची नोंद घ्यावी लागते.

ईजीआर झडपेवर लोकांचा राग असतो. जळून गेलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवायचे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करायची, हे तिचे काम. काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र येऊन इनटेकच्या भिंतींवर डांबरासारखा थर जमतो, झडप उघडी अडकते, आणि मग जोर लावण्याच्या क्षणीसुद्धा ताज्या हवेची जागा धूर अडवतो. तरीही झडप कायमची बंद करून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही. ती का अडकली हे न विचारता तिला बाद करणे म्हणजे तपास सोडून देणे होय.

हे ठामपणे लिहिण्याचे कारण माझ्या स्वतःच्या गाडीचे प्रकरण आहे. ती हळूहळू जड झाली होती आणि ॲव्हरेजही चांगलेच उतरले होते. एका गॅरेजने स्कॅनर लावला, डीपीएफ भरल्याचा कोड निघाला, आणि त्या कोडवरून थेट डीपीएफ व टर्बो असे दोन मोठे भाग बदलण्याचा सल्ला मिळाला. कोड खोटा नव्हता. पण कोड सेन्सरने काय पाहिले एवढेच सांगतो. ते तसे का झाले याचे उत्तर त्यात नसते. फिल्टर भरला हे खरे, पण तो अमुक वर्षे ठीक चालून आताच का भरू लागला, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डीपीएफ हा भरण्यासाठीच असतो. प्यूजो ६०७ या मोटारीत २००० साली तो पहिल्यांदा नियमितपणे बसवला गेला, तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व तेच आहे: काजळी साठवायची आणि ठरावीक प्रमाण झाले की जाळून टाकायची. काजळी प्राणवायूत जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात आणि रोजच्या चालवण्यात धूर इतका तापत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत ईसीयू ज्वलन संपत आल्यावर थोडे जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडतो. ते पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि धूर तापवते. हे डिझेल चाकाला काडीचीही मदत करत नाही. सुरुवातीला ज्याला मी भलत्याच कामासाठी जळणारे डिझेल म्हटले, ते हे. ही प्रक्रिया, म्हणजे रिजनरेशन, वेळच्या वेळी पार पडली तर तिचा खर्च किरकोळ असतो. ती पुन्हा पुन्हा सुरू होऊन अर्धवट राहू लागली, तर मात्र प्रत्येक वेळी तापवण्याचे डिझेल खर्ची पडते आणि काजळी तिथेच राहते.

माझ्या गाडीत ती का अर्धवट राहत होती, याचे उत्तर तापमानाच्या आकड्यात होते. डॅशबोर्डवरचा काटा मधल्या खुणेच्या किंचित खाली थांबत असे, आणि तो नेहमी तिथेच थांबत असल्यामुळे कुणाच्या नजरेत खुपत नव्हता. अनेक गाड्यांत हा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरच स्थिर राहतो, त्यामुळे तो किंचित खाली असणेसुद्धा बोलके असते. स्कॅनरवर कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, खरे तापमान पाहिले, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर ते नव्वदच्या आसपास न राहता सत्तरच्याही खाली उतरत होते. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडीच अडकली होती. संथ वाहतुकीत, समोरून वारा नसताना, इंजिन कसेबसे तापे आणि रिजनरेशन सुरू होई; मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की रेडिएटरवरच्या वाऱ्याने कूलंट थंड होई आणि ईसीयू ती प्रक्रिया थांबवी. ‘जरा लांब पल्ल्याला पळवून आणा, फिल्टर मोकळा होईल’ हा सल्ला एरवी योग्यच असतो, पण या गाडीत तोच लांब पल्ला रिजनरेशन मोडून टाकत होता.

त्यानंतर बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसल्या. थंड इंजिनाला मुळातच डिझेल जास्त लागते. त्यात अर्धवट रिजनरेशनचे डिझेल. फिल्टर भरल्यामुळे धुराला बाहेर पडायला अडथळा, म्हणून टर्बाइनला मिळणारा जोर कमी, म्हणून हवा उशिरा दाबली जाणे, म्हणून मंद ओढ. ओढ मंद म्हणून माझा पाय अधिक खाली. जादा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होता; डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसत होती, आणि ऑइल कमी झाले नाही म्हणून समाधान मानण्याऐवजी ते वाढले कसे, हा प्रश्न विचारावा लागला. पेट्रोल जितक्या सहज ऑइलमधून उडून जाते तितके डिझेल उडत नाही, त्यामुळे ऑइल पातळ होत जाते आणि टर्बोच्या बेअरिंगला तेच पातळ ऑइल मिळते. म्हणजे टर्बो बदलण्याचा सल्ला तेव्हा चुकीचा असला, तरी आणखी काही काळाने तो खरा ठरला असता.

थर्मोस्टॅट बदलला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले, मग स्कॅनरवरून एक रिजनरेशन पूर्ण करवून घेतले. ओढ जवळजवळ पूर्ववत झाली. ॲव्हरेज मात्र पूर्ण परतले नाही, आणि त्या उरलेल्या फरकाने मला पुढे बराच काळ गुंतवून ठेवले. त्यातला काही भाग एका मागच्या चाकाच्या घासणाऱ्या ब्रेकचा निघाला. खऱ्या गाडीत दोष एकेकटे येत नाहीत, आणि मोठा दोष सापडल्याच्या आनंदात लहान दोषाचा शोध थांबतो.

इंधनाच्या बाजूबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथे घरच्या घरी करण्यासारखे कमी आहे आणि धोका जास्त. कॉमन रेल पद्धत, म्हणजे रेल नावाच्या एका सामायिक नळीत दाबाखाली ठेवलेले डिझेल सगळ्या इंजेक्टरना पुरवण्याची पद्धत, मोटारींत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ पासून आली. आता रेलमधला दाब २००० बारच्याही वर जातो. या दाबाची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरते, म्हणून इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपण्याचा प्रकार कुणीही करू नये. निदानासाठी दोन आकडे पुरेसे बोलतात. जोर लावताना मागितलेला रेलचा दाब आणि मिळालेला दाब यांत अंतर पडत असेल, तर आधी डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी, मग टाकीकडून येणारी नळी, मग पंप असा क्रम धरावा. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलचे माप घेतले की झिजलेला इंजेक्टर इतरांपेक्षा वेगळा पडतो. चारही इंजेक्टर एकदम बदलण्याआधी हे माप मागण्याचा गाडीमालकाला पूर्ण अधिकार आहे.

डीपीएफ आतून पोकळ करून सॉफ्टवेअरमधून त्याचे अस्तित्व पुसून टाकण्याचा मार्गही सुचवला जातो. अनेक देशांत तो बेकायदा आहे, आणि फिल्टर अडवत होता ती काजळी त्यानंतर मागून चालणाऱ्याच्या छातीत जाते. निदानाच्या दृष्टीने पाहिले तरी तो मार्ग वाईटच. माझ्या गाडीत तसे केले असते तर ओढ परतली असती, आणि थंड इंजिन तसेच थंड राहून डिझेल पीत राहिले असते.

उरलेल्या फरकाचा आणखी एक हिस्सा राखेचा असावा, असे मला वाटते. काजळी जळते, ऑइलमधल्या रासायनिक घटकांची राख जळत नाही आणि फिल्टरमध्ये कायम राहते. रिजनरेशन पूर्ण झाल्यावर लगेच, इंजिन गरम असताना, ठरावीक फेऱ्यांवर डीपीएफच्या दाबातला फरक मी लिहून ठेवतो. काजळी नुकतीच जळून गेलेली असल्यामुळे त्या क्षणी दिसणारा अडथळा बहुतांश राखेचाच असतो. हा आकडा प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी किंचित वर सरकतो आहे. फिल्टर उतरवून धुऊन घेण्याची वेळ त्यावरून ठरेल. तोवर राख कमी करणारे, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले लो-सॅप्स ऑइलच भरायचे आणि टाकी काठोकाठ भरल्यावर वहीत एक ओळ वाढवायची, एवढेच सध्या चालू आहे.